जिन्याखालच्या मांजरीचे जंत: गोळी आणण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी कॅलेंडर काढा आणि पंधरा दिवसांच्या अंतराने दोन रविवार राखून ठेवा. जंताचं औषध आतड्यातल्या मोठ्या जंतांवर चालतं. शरीरात इतरत्र फिरणारी त्यांची पिल्लावळ त्यातून वाचते आणि दोन-तीन आठवड्यांत आतड्यात उतरून मोठी होते. दुसरा डोस त्यांच्यासाठी असतो, आणि रस्त्यावरच्या मांजरीच्या बाबतीत नेमका तोच हुकतो, कारण पहिल्या दिवशी धरपकड सोसलेली मांजर पुन्हा जवळ येत नाही. म्हणून गोळीच्या आधी किमान आठवडाभर तिला रोज ठरावीक वेळी, ठरावीक कोपऱ्यात, एकाच ताटलीत आणि एकच हाक मारून खायला द्या. बाजूला मांजराची बास्केट दार उघडं ठेवून ठेवा, आत एक जुनं सुती फडकं टाका. दोन-चार दिवसांनी ताटली बास्केटच्या तोंडाशी आणि मग आत सरकवा. दूध मात्र टाळा. बऱ्याच मोठ्या मांजरांना ते पचत नाही, शी पातळ होते आणि ती जंतांमुळे की दुधामुळे हे कळेनासं होतं.

या आठवड्यात नजरेने बरंच काम उरकतं. शेपटीखालच्या केसांना किंवा ती झोपते त्या पोत्यावर तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे चिकटलेले दिसले, तर ते पट्टकृमी, म्हणजे टेपवर्म. ताजे असतील तर ते किंचित हलतात, वाळले की तिळासारखे पिवळट होतात. अंग हाडकुळं आणि पोट मात्र मडक्यासारखं असं पिल्लू बहुधा गोल जंतांनी भरलेलं असतं. उलटीत किंवा शीत शेवयांसारखे जे जंत पडतात ते हेच. ओठ उचलून हिरड्या बघा. गुलाबी हव्यात. फिक्या किंवा पांढऱ्या असतील तर रक्त कमी झालंय, पिसवांनी किंवा रक्त पिणाऱ्या अंकुशकृमींनी. अशा मांजरीला घरी गोळी देत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. कानात कॉफीच्या चुऱ्यासारखा काळा मळ असेल आणि ती सारखं कान खाजवत असेल, तर कानातले माइट्स, म्हणजे कानात राहणारे बारीक परजीवी. कानाच्या कडा, कपाळ आणि मान यांवर राखाडी, जाड खपल्या दिसल्या तर खरूज. केस झडून गोल चट्टे पडले असतील तर तो गजकर्ण, म्हणजे बुरशी. तिच्यावर जंताच्या किंवा पिसवांच्या औषधाचा काहीच परिणाम होत नाही.

पिसवा आहेत का हे ओळखायला पांढरा टिश्यू ओला करा, शेपटीच्या बुडाशी केस विंचरा आणि पडलेली काळी कणी त्यावर टाका. कणीभोवती तांबूस डाग पसरला तर ती माती नाही, पिसवांची शी आहे, म्हणजे पचलेलं रक्त. ही चाचणी चुकवू नका. मांजरीत सर्वांत जास्त दिसणारा टेपवर्म पिसवांतूनच येतो: अंग चाटताना ती पिसू गिळते आणि पिसवेच्या पोटातला जंत तिच्या आतड्यात वाढतो. पिसवा तशाच ठेवून गोळी दिली, तर तीन आठवड्यांत तेच तांदूळ पुन्हा दिसतील आणि बोल औषधाला लागेल.

शी पातळ असेल, तीत शेंबडासारखा चिकट भाग किंवा रक्त असेल, तर तपासणीशिवाय पुढे जाऊ नका. कॉक्सिडिया आणि जिआर्डिया हे सूक्ष्म परजीवी नेहमीच्या जंताच्या गोळीने जात नाहीत. हातमोजा घालून चमचाभर ताजी शी घट्ट झाकणाच्या डबीत घ्या आणि काही तासांत पोहोचवा. उशीर होणार असेल तर डबी दोन पिशव्यांत गुंडाळून फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नको. जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना तपासणी करत नसेल, तर मुंबईत परळ, शिवाय नागपूर, शिरवळ, परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे विचारा.

आता वजन, आणि इथे अंदाज चालवू नका. केसाळ मांजर दिसते त्यापेक्षा हलकी भरते. मांजर बास्केटमध्ये शिरली की बास्केटसकट काट्यावर उभे राहा, मग रिकामी बास्केट घेऊन उभे राहा, फरक तो तिचा. प्रवासी बॅगेचा हुकाचा काटा असेल तर आणखी सोपं. पिल्लू स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर पातेल्यात बसवा आणि ग्रॅममध्ये लिहून ठेवा. मांजरांच्या नेहमीच्या गोळीत प्राझिक्वाँटेल २० मि.ग्रॅ. आणि पायरँटेल एम्बोनेट २३० मि.ग्रॅ. असतं, आणि एक गोळी ४ किलोंसाठी असते. म्हणजे २ किलोंना अर्धी, ३ किलोंना पाऊण. वजन मधलं आलं तर वरच्या पाव गोळीला जा, कारण कमी डोसने जंत अर्धवट राहतात. लेबल वाचताना एक घोळ हमखास होतो: २३० मि.ग्रॅ. एम्बोनेट (पायरँटेलचा क्षार) म्हणजे पायरँटेल बेस, म्हणजे मूळ औषध, ८० मि.ग्रॅ.च. एका कंपनीच्या पाकिटावर एक आकडा आणि दुसरीच्या पाकिटावर दुसरा दिसला, म्हणून डोस तिप्पट करू नका. डॉक्टरांना पाकिटाचा फोटो पाठवा आणि वजन सांगून डोस लिहून घ्या.

ही गोळी सहा आठवड्यांखालच्या पिल्लांना आणि गाभण मांजरीला देत नाहीत. गाभण असल्याचा संशय असला तरी डॉक्टरांना विचारून वेगळं औषध निवडा. पिल्लांना आईच्या दुधातूनच गोल जंत मिळतात, म्हणून त्यांचं वेळापत्रक तिसऱ्या आठवड्यापासून सुरू होतं: दर पंधरा दिवसांनी, दूध तुटल्यावर आणखी दोन आठवडे होईपर्यंत, मग सहा महिन्यांची होईस्तोवर महिन्यातून एकदा. दूध पाजणाऱ्या आईला पिल्लांबरोबरच द्या, नाहीतर तिच्याकडून त्यांना पुन्हा लागण होते. पिल्लांसाठी बहुधा पायरँटेलचं पातळ औषध लिहून देतात. ५ मि.ली.त २५० मि.ग्रॅ. असेल तर १ मि.ली.त ५०, आणि किलोला १० मि.ग्रॅ. धरले तर अर्ध्या किलोच्या पिल्लाला फक्त ०.१ मि.ली. लागतं. चमचा किंवा ड्रॉपर इथे निरुपयोगी आहे. मि.ली.च्या खुणा असलेली १ मि.ली.ची बिनसुईची सिरिंज आणा. घरातली लाल टोपणाची इन्सुलिन सिरिंज वापरू नका, तिच्यावर युनिट लिहिलेले असतात. तिथे ४० युनिट म्हणजे १ मि.ली., आणि घाईत १० युनिट म्हणजे ०.१ मि.ली. समजून अडीचपट औषध जातं. बाटली प्रत्येक वेळी हलवा, औषध तळाशी बसलेलं असतं.

काय आणायचं नाही, हेही आधी ठरवा. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या औषधात परमेथ्रिन असेल तर मांजरीला ते विष आहे: काही तासांत थरथर, मग झटके, आणि मृत्यूही. तिचं यकृत ही रसायनं नीट मोडू शकत नाही. चुकून टाकलंच तर भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा आणि तडक दवाखाना गाठा. त्याच यकृतामुळे काळं फिनाईलही तिला बाधतं, म्हणून ती झोपते तो जिना फिनाईलने पुसू नका. शाळेतून राष्ट्रीय जंतनाशक दिनाला मिळते ती अल्बेंडाझोलची ४०० मि.ग्रॅ.ची गोळी घरात शिल्लक असते, तिचा तुकडा मांजरीला द्यायचा नाही, हाडांतल्या मज्जेवर परिणाम होतो. लसूण तिच्या तांबड्या पेशी फोडतो, आणि आधीच रक्त कमी असलेल्या मांजरीला तो द्यावा असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. बाळाला देतात ते वावडिंगाचं पाणीही मांजरीसाठी औषध नव्हे, तिच्यासाठी त्याचं माप ठरलेलं नाही. गुरांचं आयव्हरमेक्टिन इंजेक्शन खरजेवर खूप लोक सुचवतात. १ टक्का द्रावणात १ मि.ली.ला १० मि.ग्रॅ. असतात, आणि अर्ध्या किलोच्या पिल्लाला लागणारं माप ०.०१ मि.ली. भरतं, सिरिंजवर धड मोजताही न येण्याइतकं. लहान पिल्लांच्या मज्जासंस्थेवर ते आघात करतं. हे काम डॉक्टरांच्याच हातचं.

पिसवांसाठी मांजरीचं म्हणून लिहिलेलं स्पॉट-ऑन, म्हणजे मानेवर त्वचेवर सोडायचं औषध, घ्या. सेलामेक्टिन पिसवा, कानातले माइट्स, गोल जंत आणि अंकुशकृमी अशा सगळ्यांवर चालतं, टेपवर्मवर चालत नाही. फिप्रोनिल पिसवा आणि गोचिडांसाठी. दोन्हींचं किमान वय पाकिटावर पाहा. त्याहून लहान पिल्लाला बारीक दातांच्या फणीने विंचरा आणि पिसवा भांड्याच्या साबणाच्या पाण्यात बुडवा. औषध मानेच्या मुळाशी, कवटीखाली, केस दुभागून त्वचेवर सोडा, नुसतं केसांवर पडलं तर वाया जातं. मागेपुढे दोन दिवस अंग ओलं नको. अंगावरच्या पिसवा म्हणजे सगळ्या पिसवा नव्हेत. अंडी पोत्यात आणि फटीत पडलेली असतात, आणि कोष महिनोन्‌महिने तग धरतात, दमट पावसाळ्यात तर जास्तच. त्याच दिवशी पोतं टाकून द्या, फडकी उकळत्या पाण्यातून काढा, फटी झाडून केर पिशवीत बांधून बाहेर द्या. स्पॉट-ऑन महिन्याने पुन्हा, किमान तीनदा.

गोळी मऊ खाण्यात लपवता येते, पण प्राझिक्वाँटेल कडू आहे. कुस्करलीत तर सगळी ताटली नाकारली जाईल. शिजवलेलं चिकन किंवा पाण्यात भिजवून खारटपणा काढलेली सुकट यांचे चार लहान गोळे करा: दोन कोरे, तिसऱ्यात अख्खा तुकडा, आणि तो तोंडात असतानाच चौथा पुढे धरा. एका ताटलीत चार मांजरी जेवत असतील तर हे करू नका, एकीच्या पोटात सगळ्यांचं औषध जातं. हाताळू देणारी मांजर असेल तर ती पंच्यात मानेपर्यंत गुंडाळा, जमिनीवर बसून तिची पाठ तुमच्याकडे घ्या, वरून गालाची हाडं धरून तोंड छताकडे करा. खालचा जबडा आपोआप सैल पडतो. गोळी जिभेच्या मध्यभागी अगदी मागे, तोंड मिटवा, गळा चोळा. तिने नाक चाटलं की गिळली. मग डोकं सरळ ठेवून गालाच्या कडेने सिरिंजने २-३ मि.ली. पाणी हळूहळू द्या, कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकू शकते. तोंड वर असताना पाणी ओतलं तर ते फुप्फुसात जातं. गोळी जिभेला लागली तर तोंडाला भरपूर फेस येतो. घाबरू नका, तो कडवटपणाचा आहे, काही मिनिटांत थांबतो.

हाताला येतच नाही तिच्यामागे धावण्यात अर्थ नाही. नसबंदीसाठी पिंजऱ्यात आणाल त्याच दिवशी वजन, जंताचं औषध आणि स्पॉट-ऑन एकत्र करून घ्या, आमच्या मते रस्त्यावरच्या मांजरीसाठी हाच सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. वहीत तारीख, वजन, डोस आणि दोन्ही बाजूंचे फोटो ठेवा. काळ्या-पांढऱ्या मांजरी एकमेकींसारख्या दिसतात.

माणसांचीही तयारी हवी. चावली किंवा ओरखडली तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखान्यात जा. शी रोजच्या रोज उचला: मांजरीच्या शीतून पसरणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या सूक्ष्म परजीवीला संसर्गजन्य व्हायला एक ते पाच दिवस लागतात आणि गोल जंतांच्या अंड्यांना काही आठवडे, त्यामुळे रोजची सफाई दोन्ही रोखते. गरोदर बाईने हे काम दुसऱ्याकडे द्यावं. अंडी फिनाईलने किंवा ब्लीचने मरत नाहीत, ताटली-ट्रेवर उकळतं पाणी ओता.

गोळीनंतर दोन दिवस शी पाहत राहा. गोल जंत जिवंत, वळवळतेही पडतात, टेपवर्म पोटातच विरघळतो, म्हणून काहीच दिसलं नाही तरी औषध लागू पडलेलं असू शकतं. एखादी उलटी किंवा एक दिवस पातळ शी चालते. गोळी अर्ध्या तासात अख्खी बाहेर पडली तर लगेच दुसरी न देता डॉक्टरांना विचारा. खाणं बंद, वारंवार उलट्या, फुगलेलं कडक पोट असं दिसलं तर, विशेषतः खूप जंत असलेल्या पिल्लात, मेलेल्या जंतांच्या गुंत्याने आतडं अडलेलं असू शकतं. तिथे रात्र काढू नका. सगळं ठीक असेल तर दुसऱ्या रविवारी पुन्हा वजन करून तोच क्रम, आणि मोठ्या मांजरीला त्यापुढे दर तीन महिन्यांनी.