.२२ रायफलचा ट्रिगर हलका करताय? या चुका टाळा

‘ट्रिगर जड लागतोय? स्प्रिंगचे दोन वेढे काप,’ हा सल्ला रेंजवर फुकट मिळतो. पण रायफलमध्ये एकच स्प्रिंग नसते, आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे भलत्याच स्प्रिंगला हात घालणे.

.२२ रिमफायर काडतुसात पेट घेणारे मिश्रण बुडाच्या कडेत, म्हणजे रिममध्ये असते. फायरिंग पिनने ती कड नीट चेपली तरच बार उडतो. हॅमर किंवा स्ट्रायकरला, म्हणजे ठोका देणाऱ्या भागाला ढकलणारी मेनस्प्रिंग कमजोर केली की सिअरवरचा, म्हणजे तो भाग अडवून धरणाऱ्या आणि ट्रिगर ओढल्यावर सोडणाऱ्या खिट्टीवरचा दाब घटतो, ट्रिगर हलका लागतो आणि माणूस खूश होतो. मग काडतुसे अधूनमधून उडेनाशी होतात. जी उडतात त्यांचा वेगही सारखा राहत नाही, आणि ५० मीटरवर गोळ्या वर-खाली पसरतात. खापर मात्र काडतुसांच्या खोक्यावर फुटते. काडतूस उडाले नाही तर नळी टार्गेटकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबा, मग ते काढून रिम बघा. ठोक्याची खूण पुसट असेल तर बोल्ट (काडतुसामागे मागे-पुढे सरकणारा दांडा) साफ करा आणि मूळची मेनस्प्रिंग परत बसवून घ्या. हलकी करण्याजोगी स्प्रिंग असते ती ट्रिगरची. तीही बेतानेच, नाहीतर बोट काढल्यावर ट्रिगर पुरता जागेवर येत नाही.

आता कापण्याबद्दल. वेढे कमी केल्याने कॉइल स्प्रिंग मऊ होत नाही, उलट कडक होते. कामाच्या १० वेढ्यांपैकी २ गेले तर कडकपणा सव्वापट होतो. तरी ट्रिगर हलका वाटतो, कारण लांबी घटल्याने आधीपासून बसलेला ताण जातो. शिवाय कापलेले टोक सपाट नसल्याने स्प्रिंग तिरकी बसते आणि ओढ दर वेळी वेगळी लागते. खरा उपाय बारीक तारेची तयार स्प्रिंग. तार १० टक्के बारीक असली तरी कडकपणा साधारण एक तृतीयांशाने उतरतो. गॅसवर तापवून स्प्रिंग ‘नरम’ करणाऱ्यांना काय सांगावे! तिचे पाणीच उतरते.

मॅच (स्पर्धेच्या) रायफलींत ट्रिगरच्या वजनाचा, म्हणजे ओढायला लागणाऱ्या जोराचा स्क्रू वेगळा आणि सिअरच्या पकडीचा वेगळा असतो. मॅन्युअल न वाचता दुसराच फिरवला तर पकड केसभर उरते, आणि बोल्ट बंद करतानाच बार उडू शकतो. हा प्रकार मला सगळ्यात धोकादायक वाटतो.

आणि मुळात एवढा हलका ट्रिगर हवाच कशाला? ५० मीटर रायफलला आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांत ट्रिगरच्या किमान वजनाची अट नाही, हे खरे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ब्राँझ जिंकले ते याच प्रकारात, थ्री पोझिशन्समध्ये (गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून). पण नवशिक्याचे बोट अजून ओढ ओळखायला शिकत असते. पुष्कळदा जडपणा सुकलेल्या तेलाचा निघतो. आधी ट्रिगर साफ करून बघा.

कायद्याचेही भान हवे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार बंदुकीची दुरुस्ती किंवा बदल करायला त्यासाठीचा वेगळा परवाना लागतो. रायफल बाळगण्याचा परवाना इथे चालत नाही. स्प्रिंग बदलायची तर परवानाधारक गनस्मिथकडेच (बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडेच) जा.

रायफल परत आली की मॅगझिन काढा, चेंबर (नळीतली काडतूस बसण्याची जागा) दोनदा तपासा, खोलीत एकही काडतूस ठेवू नका. बऱ्याच .२२ रायफलींत रिकाम्या चेंबरवर ट्रिगर ओढला की पिनच्या ठोक्याने चेंबरची कड चेपते, म्हणून आत उडालेल्या काडतुसाची रिकामी केस घाला. बोल्ट जोरात बंद करून बघा. दस्त्याला रबरी हातोडीने सगळ्या बाजूंनी टिचक्या मारा. सेफ्टी लावून ट्रिगर ओढा, बोट काढा, सेफ्टी उघडा. यात हॅमर किंवा स्ट्रायकर एकदाही सुटला तर जुनी स्प्रिंग परत बसवून घ्या. म्हणूनच गनस्मिथकडून ती मागून घ्यायची असते.