ग्रामर पाठ आहे तरी बँड वाढत नाहीये? प्रॅक्टिसमधल्या या चुका टाळा

आयल्ट्स किंवा पीटीई, म्हणजे परदेशात शिकायला-कामाला जायचं तर द्याव्या लागणाऱ्या इंग्लिशच्या परीक्षा, यांची तयारी सुरू केली की पहिला प्रश्न ठरलेला, ग्रामरचं कुठलं पुस्तक घेऊ? मग पुस्तक येतं, टेन्सपासून सुरुवात होते, गाळलेल्या जागा भरायच्या, मागे उत्तरं बघायची, वीसातली अठरा बरोबर, खूश. आणि तोच माणूस एसे लिहायला बसला की दुसऱ्याच ओळीत 'पीपल इज' लिहून मोकळा होतो. वर म्हणतो, मला ग्रामर येतं पण लिहिताना काय होतं कळत नाही.

होतं असं की गाळलेल्या जागांमध्ये नियम कुठला लावायचा हे आधीच सांगून टाकलेलं असतं. वर मथळा 'प्रेझेंट परफेक्ट' आणि खाली दहा वाक्यं, मग काय चुकणार? एसेमध्ये मथळा नसतो, डोकं मुद्दा शोधण्यात गुंतलेलं असतं, घड्याळ पळत असतं आणि वाक्य तयार होतं ते आपल्या नेहमीच्या मराठी वळणाने. म्हणून माझं सरळ मत आहे, वर्कशीट कमी करा आणि स्वतः लिहिलेल्या वाक्यांवर जास्त काम करा. नियम माहीत नाही म्हणून होणाऱ्या चुकांपेक्षा माहीत असलेला नियम ऐनवेळी न आठवल्यामुळे होणाऱ्या चुका कितीतरी जास्त असतात.

मार्क कशाला मिळतात हेच न बघणं

आयल्ट्समध्ये ग्रामरचा वेगळा पेपर नाही. रायटिंग आणि स्पीकिंग दोन्हीकडे चार-चार निकष आहेत आणि त्यातला एक, म्हणजे पाव भाग, 'ग्रॅमॅटिकल रेंज अँड ॲक्युरसी' चा. नावातच दोन गोष्टी आहेत, रेंज म्हणजे वाक्यरचनेत किती विविधता आहे आणि ॲक्युरसी म्हणजे त्यात चुका किती. नुसती छोटी छोटी बिनचूक वाक्यं लिहिली तर रेंज जाते, नुसती लांबलचक लिहिली तर ॲक्युरसी. बँड म्हणजे आयल्ट्सचे 9 पैकी गुण, आणि बँड 5 चं वर्णनच असं आहे की कॉम्प्लेक्स वाक्यांचा प्रयत्न दिसतो पण ती साध्या वाक्यांइतकी बरोबर नसतात. बँड 7 ला वेगवेगळ्या कॉम्प्लेक्स रचना हव्यात आणि वारंवार पूर्ण बिनचूक वाक्यंही दिसायला हवीत.

इथे बरेच जण कॉम्प्लेक्स म्हणजे लांब असं धरून चालतात. चार वेळा 'अँड' लावून जोडलेली पाच ओळींची साखळी कॉम्प्लेक्स होत नाही. 'आय स्टेड होम बिकॉज इट वॉज रेनिंग' हे सात शब्दांचं वाक्य मात्र आहे, कारण त्यात एक मुख्य भाग आहे आणि दुसरा त्याच्यावर अवलंबून आहे.

मराठी वाक्याला इंग्लिश कपडे घालणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, त्यामुळे जरा थांबून बघा. आपल्याकडे 'जरी' आला की 'तरी' येणारच, जोडीच आहे ती. म्हणून हात आपोआप लिहितो, 'ऑल्दो इट इज एक्स्पेन्सिव्ह, बट पीपल बाय इट'. इंग्लिशमध्ये दोन्हीतलं एकच ठेवायचं, 'ऑल्दो' तरी नाहीतर 'बट' तरी. 'जर सरकारने नियम केला तर' मध्येही हेच, 'इफ... देन' ही जोडी चूक नाही पण प्रत्येक वाक्यात 'देन' आला की ते जड वाटतं. आणि 'जर तो येईल तर' च्या नादात 'इफ ही विल कम' लिहिलं जातं, तिथे 'इफ ही कम्स' पाहिजे, 'विल' दुसऱ्या भागात.

पुढची तर फारच चिवट. आपण सहज म्हणतो, काल मी डॉक्टरकडे गेलो होतो. ते इंग्लिशमध्ये होतं 'यस्टर्डे आय हॅड गॉन', आणि स्पीकिंगमध्ये आठवण सांगायला लावली की अख्खी गोष्ट 'हॅड' मध्येच चालते. 'हॅड गॉन' तेव्हाच, जेव्हा भूतकाळातल्या दोन गोष्टींपैकी आधी काय घडलं ते दाखवायचंय. नुसतं काल गेलो असेल तर 'वेंट', विषय संपला.

'पाच वर्षांपासून राहतोय' चं 'आय ॲम लिव्हिंग हिअर फ्रॉम फाइव्ह इयर्स' होतं. पाहिजे 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स'. किती काळ असेल तर 'फॉर', कधीपासून असेल तर 'सिन्स', म्हणजे 'सिन्स 2019'. अप्रत्यक्ष प्रश्नातही घोळ होतो, 'आय डोन्ट नो व्हेअर इज ही' नाही, 'व्हेअर ही इज'.

आणि 'कारण'. मराठीत आपण आरामात पूर्णविराम देऊन नवं वाक्य 'कारण' ने सुरू करतो. इंग्लिशमध्ये 'बिकॉज देअर आर नो जॉब्ज.' एवढंच लिहून पूर्णविराम दिला की ते अर्धवट वाक्य धरलं जातं. मागच्या वाक्याला जोडून टाका. 'व्हिच' ने सुरू होणाऱ्या तुकड्यांचंही तसंच.

यावर उपाय काय? ही सगळी यादी पाठ करू नका. आपल्या जुन्या पाच-सहा एसेंमध्ये यातली कुठली दिसतात ते शोधा, बहुतेकांच्या दोन-तीनच निघतात आणि त्याच परत परत येतात. तेवढ्याच धरा.

स्वल्पविरामावर गाडी ढकलणं

दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडणं ही इतकी कॉमन चूक आहे की लिहिणाऱ्याला ती चूक वाटतच नाही. 'सिटीज आर क्राउडेड, पीपल वाँट टू लीव्ह' हे चुकलंय. पूर्णविराम द्या, किंवा 'सो' घाला, किंवा 'बिकॉज' ने सुरू करा. आणि 'हाउएव्हर' हा जोडणारा शब्द नाही बरं का, त्याच्या आधी स्वल्पविराम चालत नाही, पूर्णविराम किंवा सेमीकोलन लागतो. मराठीत आपण अशी वाक्यं खुशाल एकामागून एक सोडतो, हा लेखच बघा की, पण परीक्षेत ते महागात पडतं.

ओळखायची सोपी रीत, स्वल्पविरामाच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या वाचा. दोन्ही स्वतंत्रपणे उभ्या राहत असतील आणि मध्ये 'अँड', 'बट', 'सो' सारखं काही नसेल तर गडबड आहे.

आर्टिकलचे चाळीस नियम घोकणं

मराठीत आर्टिकल नाहीत, त्यामुळे हे कानाला खटकतच नाही, आणि नद्या-पर्वत-वर्तमानपत्रांच्या 'द' चे नियम घोकूनही एसेमध्ये काही फरक पडत नाही, कारण एसेमध्ये नद्या येतातच किती? एकच तपासणी करा. मोजता येणारं एकवचनी नाम एकटं उभं राहू शकत नाही, त्याच्या आधी 'अ', 'ॲन', 'द', 'माय', 'धिस' असं काहीतरी पाहिजेच. 'गव्हर्नमेंट शुड बिल्ड हॉस्पिटल' मध्ये दोन्ही नामं उघडी पडलीत. 'द गव्हर्नमेंट शुड बिल्ड अ हॉस्पिटल' करा, नाहीतर 'हॉस्पिटल्स'. एवढ्याने बऱ्याच चुका जातात. सोबत 'इन्फर्मेशन', 'ॲडव्हाइस', 'इक्विपमेंट', 'फर्निचर' ला एस लावायचा नाही हे लक्षात ठेवा, आणि 'वन ऑफ' नंतर अनेकवचन.

पाठ केलेली भारी वाक्यं

'नॉट ओन्ली... बट ऑल्सो' सगळ्यांना आवडतं. पण वाक्याची सुरुवातच 'नॉट ओन्ली' ने केली तर पुढचा क्रम उलटतो, 'नॉट ओन्ली डझ इट सेव्ह टाइम', आणि तिथे निम्मे घसरतात. जी रचना दुसऱ्या विषयावर स्वतःहून लिहिता येत नाही ती परीक्षेत नेऊ नका. परीक्षकाला पाठांतर ओळखू येतं, एक वाक्य चकाचक आणि आजूबाजूची सगळी लंगडी, हे लपत नाही.

चेकर ॲपवर विसंबणं

लाल रेघ आली, क्लिक केलं, गेली. शिकलं कोण? ॲप. कॉम्प्युटरवर आयल्ट्स दिली तरी तिथे स्पेलचेक किंवा ग्रामरचेक नसतो. त्यामुळे आधी चेकर बंद करून पूर्ण लिहा, मग स्वतः चुका शोधून खुणा करा, आणि शेवटीच चेकर लावा. तुम्हाला न दिसलेल्या ज्या चुका त्याने दाखवल्या त्या वहीत उतरवा. वहीत 'आर्टिकल चुकलं' एवढं लिहून काही होत नाही, चुकलेलं वाक्य, त्याखाली बरोबर वाक्य, आणि त्याच साच्यात स्वतःची तीन नवीन वाक्यं. चेकरचं सगळंच ऐकायचं असंही नाही, कधी कधी तो अर्थच बदलून ठेवतो.

स्पीकिंगसाठी हेच रेकॉर्डिंगवर करा. दोन मिनिटं बोला, मग जे बोललात ते जसंच्या तसं लिहून काढा. कंटाळवाणं काम आहे, पण 'ही डोन्ट' कितीदा म्हणता ते तेव्हाच दिसतं.

थोडं टास्क 1 आणि पीटीईबद्दल

आयल्ट्स ॲकॅडमिकच्या रायटिंगमधल्या टास्क 1 मध्ये, म्हणजे चार्टचं वर्णन लिहायच्या प्रश्नात, चार्टवर वर्षं 1990 ते 2010 अशी असतील तर भूतकाळ, आणि तो मध्येच बदलू नका. 'रोझ बाय 20 परसेंट' आणि 'रोझ टू 20 परसेंट' यांचा अर्थ वेगळा आहे, पहिल्यात किती वाढलं, दुसऱ्यात कुठवर पोचलं. पण सगळा जीव इथे घालवू नका, टास्क 2 चं, म्हणजे एसेचं, वजन दुप्पट आहे.

पीटीईमध्ये समराइझ रिटन टेक्स्ट असतं, उतारा वाचून एकाच वाक्यात सारांश, 5 ते 75 शब्द, वेळ 10 मिनिटं. यात दुसरा पूर्णविराम पडला, म्हणजे दोन वाक्यं झाली, की फॉर्मचा, म्हणजे ठरलेल्या स्वरूपात लिहिल्याचा, मार्क शून्य. त्या भीतीने लोक सगळे मुद्दे 'अँड' ने शिवत जातात आणि शेवटी कर्ता कुठला नि क्रियापद कुठलं कळत नाही. आधी मुख्य मुद्द्याचं पूर्ण वाक्य लिहा, कर्ता आणि क्रियापद पक्कं, मग एक 'व्हिच' आणि एक 'बिकॉज' किंवा 'ऑल्दो' जोडा. साधारण 35 ते 50 शब्दांत काम होतं. सबमिट करण्याआधी मधले सगळे पूर्णविराम शोधून काढा आणि शेवटचा आहे ना ते बघा.