घरघंटीच्या खोक्यातला तो एक कागद कसा लिहायचा

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत (गुजरातची औद्योगिक वसाहत) आमचं छोटं युनिट आहे, घरघंट्या म्हणजे घरगुती पिठाच्या गिरण्या बनवतो, आणि खोक्यात सूचनांचा जो कागद जातो तो लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं कारण घरी मराठी, दुकानात गुजराती, डीलरशी हिंदी असं तिन्ही मला येतं. पहिला मी केला तो सोळा पानी होता, सुरुवातीला आभार, मग मोटरची माहिती, आणि पीठ कसं दळायचं ते थेट नवव्या पानावर. कोणी वाचलाच नाही, नुसते फोन यायचे की मशीन अडकलंय.

तर आधी लिहायला बसूच नका. खोकं उचला आणि ज्याने हे मशीन कधी हाताळलं नाही अशा कोणाच्या तरी घरी जा. मी दांडिया बाजारात आमच्या एका काकूंकडे गेलो, घरघंटी समोर ठेवली आणि गप्प बसलो (हेच सगळ्यात अवघड, जीभ नुसती वळवळते). काकूंनी वर गहू ओतले, नॉब उघडला आणि मग बटण दाबलं, मोटर घुंई करून जागीच अडली कारण पाती थांबलेली असतानाच दाणे त्यांच्यावर जाऊन बसले होते. "अरे, नळाचं नाही का, आधी चकली उघडायची मग पाणी," काकू म्हणाल्या (चकली म्हणजे आमच्याकडे नळाची तोटी), आणि त्यांच्या हिशोबाने बरोबरच होतं ते. पण हा क्रम उलटा आहे हे नवव्या पानावरही मी कुठे लिहिलं नव्हतं.

मग ठरवा की कागद कुठे संपणार. आमचा पहिलं पीठ डब्यात पडलं की संपतो. वॉरंटी, सर्विस, जादा जाळ्या हे सगळं मोठ्या पुस्तिकेत ढकला.

आता पायऱ्या. एका ओळीत एकच काम, आणि लगेच पुढे काय दिसेल किंवा ऐकू येईल तेही लिहा, म्हणजे माणसाला कळतं आपलं बरोबर चाललंय. आमचं आता असं आहे: "दार बंद करा, टक् आवाज येईल. बटण दाबा, मोटरचा आवाज एकसारखा होऊ द्या. आता नॉब उघडा, दाणे पडायला लागतील." त्या "आता"ला ठळक केलंय, सगळी गंमत त्यातच आहे.

धोक्याची सूचना कामाच्या आधी हवी, नंतर नको. "जाळी बदला. त्याआधी प्लग काढा" असं लिहिलंत तर वाचणाऱ्याचा हात आधीच आत गेलेला असतो. आणि कारण द्या: शेंगदाणे, तीळ घालू नका, तेल सुटून जाळीची भोकं बुजतात. नुसतं "घालू नका" कोण ऐकतं? शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वापराच्या पुरेशा सूचना नसल्या आणि त्यातून इजा झाली तर बनवणाऱ्यावर जबाबदारी येऊ शकते, तेव्हा हे फक्त सौजन्याचं काम नाही.

एका वस्तूला एकच शब्द ठेवा. एकीकडे नॉब, दुसरीकडे कळ, तिसरीकडे खटका लिहिलं की वाचणारा तीन वस्तू शोधत बसतो. मशीनवर जे छापलंय तेच कागदावर.

फोटोपेक्षा रेषांचं चित्र बरं, स्वस्त छपाईत फोटो काळा ठिक्कर येतो. अक्षर १२ पॉइंटच्या खाली नको, काकूंचा चष्मा नेहमी दुसऱ्या खोलीत असतो. व्हिडिओचा क्यूआर कोड टाका, पण त्याच्या भरवशावर पायऱ्या गाळू नका. आणि कागद खोकं उघडल्या उघडल्या सगळ्यात वर दिसला पाहिजे, थर्माकोलच्या खाली नाही.

लिहून झालं की परत दुसऱ्या कोणाकडे जा, काकूंकडे नको, त्या आता शिकल्यात. वाचताना बोट कुठल्या ओळीवर थांबतं ते बघा आणि ती ओळ बदला. तीन-चार घरं फिरलात की तेच तेच अडथळे दिसायला लागतात.

कोपऱ्यात मॉडेल आणि छापल्याची तारीख टाकायला विसरू नका, आम्ही मध्ये लाल नॉब काळा केला आणि जुन्या कागदांचा गठ्ठा तसाच खोक्यांत जात राहिला, लोक लाल नॉब शोधत बसले.