पांढऱ्या नखांनी भडंग खाऊ नका, आणि पुरुषी हातांच्या बाकी चुका

शनिवारी रात्री दोन तास खपून दहाही नखांना पांढरं नेलपॉलिश लावलं. रविवारी सकाळी चहाबरोबर ताटलीभर भडंग हातानं खाल्लं. डावा हात शुभ्र आणि उजव्या हाताला कावीळ! घाबरून साबणानं घासली, तर पिवळ्याची विटकरी झाली. आई ओट्यापाशी उभी राहून बघत होती. "कुंकू करायला घेतलंस का रे?" म्हणाली. तिचं बरोबर होतं. हळदीला चुना लागला की ती लाल होते, कुंकू त्यातूनच होतं, आणि साबणही चुन्याच्याच जातीचा.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात घरच्या अडत दुकानावर बसतो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिचा रंग नखांतून जात नाही हे आमच्या तीन पिढ्यांना मानांकनाशिवाय ठाऊक आहे. तरी हे डोकं नेलपॉलिश लावताना चाललं नाही. हळदीतला रंग पाण्यात विरघळत नाही. तेलात आणि स्पिरिटमध्ये विरघळतो. भडंगात तेल आणि हळद दोन्ही, म्हणजे रंग पॉलिशमध्ये मुरायची सगळी सोय. अशा वेळी साबण लावू नका. कापसावर सॅनिटायझर घेऊन नखावरून एकदाच झरझर फिरवा आणि कोरडं करा. घासत बसलात तर पॉलिशची चमक जाते. उरलेला पिवळेपणा उन्हावर सोडा. कपड्यावरचा हळदीचा डाग आई उन्हात वाळत घालून घालवते ना, तेच शास्त्र. मी गॅलरीत पेपर वाचत बसलो, दुपारपर्यंत बराच फिकटला. मग वरून एक टॉप कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर. हातानं जेवणाऱ्यानं पांढरा आणि फिकट रंग सणासुदीला ठेवावा. रोजच्याला काळा, गडद निळा, बाटलीचा हिरवा. मॅट टॉप कोट दिसतो झकास, पण त्यावर तेलाचं बोट लगेच उमटतं.

'पुरुषी हात' म्हणतोय म्हणजे फक्त पुरुष नव्हेत. बारीक केस, शर्ट-पँट अशी वावरणारी माझी एक मैत्रीण आहे, तिचेही हात यात आले. तिच्या आणि माझ्या चुका जवळपास सारख्याच निघाल्या.

सगळ्यात मोठी चूक: आधी हात भिजवणं

पार्लरमध्ये मॅनिक्युअर म्हटलं की पहिल्यांदा कोमट पाण्याचा टब पुढ्यात येतो. बरं वाटतं, नाही म्हणवत नाही. पण नख पाणी पितं आणि किंचित फुगतं. त्या फुगलेल्या नखावर पॉलिश बसलं की दोन-तीन तासांत नख वाळून आपल्या मापाला येतं आणि वरचा थर सुटायला लागतो. दुसऱ्या दिवशी कडेनं पापुद्रा निघाला तर बाटलीला शिव्या देऊ नका. पॉलिश लावायचं असेल तर कोरड्या हातावरच काम करा, भिजवायचं असेल तर आदल्या दिवशी भिजवा.

दुसरं, तेल. रविवारी डोक्याला तेल चोपडायचं आणि त्याच हातांनी संध्याकाळी नखं रंगवायची, हे आपल्याकडे हमखास होतं. गॅरेजवाल्यांच्या हाताला ग्रीस, आमच्या हाताला हळदीचा भुगा. हात धुतले म्हणजे नख स्वच्छ झालं असं होत नाही. बेस कोट, म्हणजे रंगाखालचा पारदर्शक थर, लावायच्या आधी प्रत्येक नख नेलपॉलिश रिमूव्हरच्या कापसानं पुसा, आणि पुसल्यावर नखाला बोट लावू नका. हा अर्ध्या मिनिटाचा उद्योग मी पहिले सहा महिने टाळला, आणि माझं एकही पॉलिश तीन दिवसांच्या वर टिकलं नाही. आता आठवडा जातो.

बेस कोटही टाळू नका. गडद रंग थेट नखावर लावला की काढल्यावर नख पिवळट दिसतं, आणि मग आमच्यासारख्याला हळद कुठली आणि पॉलिश कुठलं तेच कळत नाही.

रंग लावताना आपली अडचण वेगळी असते. नखं रुंद आणि चपटी. व्हिडिओतली बाई तीन फटकाऱ्यांत नख भरते, आपल्याला चार-पाच लागतात. मग घाईघाईत ब्रश भरून एकच जाड थर देतो. वरून वाळल्यासारखा दिसतो, आतून ओला राहतो, आणि रात्री गोधडीची नक्षी नखावर छापून निघते. पातळ दोन थर द्या, मध्ये पाच मिनिटं थांबा. कातडीला रंग टेकू देऊ नका, केसभर जागा सोडा. कातडीवर चढलेला रंग तिथूनच उचकटायला सुरुवात करतो. आणि हातानं काम करणाऱ्यांनी ब्रश नखाच्या टोकाच्या धारेवरूनही फिरवावा. पोत्याची सुतळी सोडताना टवका पहिला तिथलाच उडतो.

कातडी कापू नका, कुणी कापत असेल तर हात मागे घ्या

नखाच्या मुळाशी कातडीची जी बारीक किनार असते ती म्हणजे दाराची फट बुजवणारी पट्टी. ती कापली की आत जंतूंना वाट मोकळी. मागे एका सलूनमध्ये मी फक्त "जरा नीट करा" म्हणालो, त्या माणसानं कडेकडेनं कटर चालवलं. आधीच्या गिऱ्हाइकाच्या बोटांवर चाललेलं तेच कटर, फडक्याला पुसून. तिसऱ्या दिवशी अंगठा टपोरा, ठणका रात्रभर, नखुरडं झालेलं. डॉक्टरांनी पू काढला आणि गोळ्या दिल्या. घरी सुई तापवून टोचायचा सल्ला देणारे चार जण भेटले, त्यांचं ऐकू नका. मधुमेह असेल तर तर मुळीच नाही. अंघोळीनंतर कातडी मऊ असते तेव्हा टॉवेलनं हलकेच मागे सारा, तेवढं पुरे. कडेला साल निघाली असेल तर ओढू नका, नेलकटरनं फक्त सुटलेला तुकडा कापा.

कानस चालवल्यासारखी लोखंडी फाइल मागेपुढे घासायची सवयही सोडा. टोकाला पापुद्रे सुटतात. एकाच दिशेनं, कडेकडून मध्याकडे. आकाराचं फार काही नाही: आखूड, सरळ, कोपरे किंचित गोल. कबड्डीत तर नखं बारीक कापलेलीच लागतात, नियमच आहे. मिरजेत सतार शिकणाऱ्या मित्राची डाव्या हाताची नखं नेहमी बोटाच्या आत, उजव्या तर्जनीवर तार छेडायची मिजराब. तो रंग फक्त बाकीच्या बोटांना लावतो आणि तेच छान दिसतं.

जेल: उपटायचं नाही

जेल पॉलिश, म्हणजे यूव्ही दिव्याखाली धरून घट्ट करतात ते, दोन-तीन आठवडे टिकतं म्हणून कामाच्या माणसाला मोह होतो. पण एक कड सुटली की गाडीवर सिग्नलला थांबल्याथांबल्या ते सोलायला लागतो. सोलताना नखाचा वरचा थर सोबत येतो. बोटाचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत नवं नख यायला सहाएक महिने. मतदानाची शाई आठवा, नखावरची शाई कुठे घासून जाते? वाढून वाढूनच जाते. बिघडलेल्या नखाचंही तसंच. जेल काढायला वरची चमक हलकी घासा, ॲसिटोनचा कापूस ठेवून फॉइल गुंडाळा आणि दहा-पंधरा मिनिटं गप्प बसा. गॅस, उदबत्ती, सिगारेट लांब ठेवा, ॲसिटोन भडकन पेटतं. नंतर खोबरेल चोळा; तेल लावायची वेळ ही.

घरी स्वस्तातला दिवा आणि कुठलंही जेल अशी जोडी जमवू नका. दिवा आणि जेल जुळलं नाही तर जेल आतून कच्चं राहतं, आणि ते कातडीला लागत राहिलं तर ॲलर्जी होऊ शकते: नखाभोवती खाज, लाली, बारीक फोड. एकदा झाली की सहसा जन्माची, आणि दातात भरायच्या काही मसाल्यांतही तशीच रसायनं असतात. खाज सुटली की थांबा आणि त्वचेच्या डॉक्टरला दाखवा. ऑपरेशन ठरलं असेल तर एक-दोन नखं तरी मोकळी ठेवा. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र गडद रंगाखाली चुकीचं माप दाखवू शकतं.

पार्लरमध्ये तोंड न उघडणं

माझ्या मैत्रिणीनं पहिल्यांदा "काहीतरी करा" म्हटलं आणि गुलाबी, बदामी आकार घेऊन बाहेर आली. मला त्याच वाक्यावर नुसतं पॉलिशच्या कापडानं नख चमकवून मिळालं. समोरचा आपल्याकडे बघून अंदाज बांधतो. फोटो दाखवा, आकार सांगा, रंग सांगा. एकदम दहा नखांचं धाडस नसेल तर करंगळीपासून सुरू करा. करंगळीचं नख वाढवून लाल रंगवणारे ट्रक ड्रायव्हर आपण सगळ्यांनी पाहिलेत, त्यांना कुणी काही विचारलं नाही. आणि १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' नाटक झालं ते याच गावात, सीतेच्या वेशात पुरुषच उभा होता. सांगलीला फार नवल वाटायचं कारण नाही.

माझी काळी नखं यार्डात पहिल्या दिवशी एका हमालमामांनी बघितली. "काय वं दादा, गाडीच्या दारात घावलं व्हय समदी बोटं?" रंग आहे म्हटल्यावर पुढे काही बोलले नाहीत. परवा वजनकाट्यापाशी हळूच करंगळी पुढे केली, "लाल हाय का?" लाल नव्हता, हिरवा लावला. दहा मिनिटं थांबा म्हणालो. तेवढ्यात गाडी लागली, मामा उठले आणि ओल्या नखासकट हात थेट हळदीच्या पोत्यात.