पहाटेचं चित्र: आधी तिथी, मग रंग

कोकणात पहाटे बाहेर बसून निसर्गचित्र करायचं असेल तर रंगपेटी उघडण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा. खाडी रोज वेगळी दिसते आणि ते तिथीवर ठरतं. भरतीची वेळ काढायला इथे जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. उजाडताना खाडी भरलेली असते, भांगाचं, म्हणजे कमी चढउताराचं, पाणी संथ असतं आणि प्रतिबिंबं छान मिळतात. अमावास्या-पौर्णिमेला भरती अकरा-बाराकडे सरकते, म्हणून पहाटे ओहोटी. चिखल उघडा पडतो आणि बगळे, तुतवार आणि वंचक, म्हणजे लहान तपकिरी बगळा, असे पक्षी खायला उतरतात. पक्ष्यांसाठी जायचं तर हे दिवस धरा.

दुसरी गोष्ट उजेडाची. सूर्य सह्याद्रीमागून येतो, त्यामुळे समुद्राकडे तोंड केलं की तो पाठीशी राहतो आणि समोरचं सगळं सपाट दिसतं. मी आंजर्ल्याला खाडीच्या काठी पूर्वेकडे तोंड करून बसते. कांदळवन काळपट, त्यामागे धुक्याचा पांढुरका पट्टा आणि वर डोंगराची फिकट कड. तीन छटांत अर्धं चित्र उभं राहतं. अंधारात थोडासा उजेड कसा खुलवायचा हे शिकायला चित्रकार सावळाराम हळदणकरांची जलरंगातली दिवा घेतलेली स्त्री नीट बघा. ते 1882 साली सावंतवाडीत जन्मले, आणि ते चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे.

थंडीत दव इतकं पडतं की वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, लवकर वाळतच नाही. 300 जीएसएमचा जाड कागद घ्या, आकार लहान ठेवा, ब्रशवर पाणी कमी घ्या. आकाश आणि धुकं ओल्यावर ओलं करून टाका. गडद जागा ऊन आल्यावर, कागद सुकला की भरा. चिखलाला अल्ट्रामरीन निळा आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना पुरतात. मात्र त्यात आकाशाचा रंग उतरलेला असतो, तो सुटू देऊ नका.

वंचकाकडे जरा वेळ देऊन बघा. बसलेला असताना तो चिखलाच्याच रंगाचा, पटकन सापडतही नाही. उडाला की दोन्ही पंख एकदम पांढरेशुभ्र उघडतात आणि चारपाच क्षणांत सगळं संपतं. त्याच्यासाठी कागदाचा तेवढा तुकडा कोराच ठेवावा लागतो. वरून पांढरा रंग लावून ती चमक येत नाही.

उजाडायच्या आधी जागेवर बसा, मळकट रंगाचे कपडे घाला आणि सुरुवातीला फक्त पेन्सिल चालवा. पक्षी हळूहळू परत येतात. एखाद्याने खाणं सोडून मान ताठ केली की तुम्ही फार जवळ आहात, मागे सरका. चित्रासाठी पक्षी उठवू नका, यावर माझं मत ठाम आहे. समुद्री गरुडाचं घरटं असलेल्या झाडाखाली तर बसूच नका.

वेळास किंवा आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर कासवांच्या हंगामात भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत ईझल रोवू नका. घरटी तिथेच असतात. पांढरा टॉर्चही नको, पिल्लं उजेडाकडे भरकटतात. रंगाचं पाणी खाडीत ओतायचं नाही, बाटलीत भरून घरी न्यायचं. कॅडमियम, कोबाल्टचे रंग विषारी असतात.

कातळावर बसणार असाल तर काठीने जागा आपटून घ्या आणि दगड हाताने उचलू नका, खाली फुरसं हा विषारी साप असतो. वाशिष्ठी नदीच्या काठी मगरी असतात, तिथे पाण्यापासून लांब आणि उंचावरच बसा. सोबत कुणीतरी असलेलं बरं, आणि ती व्यक्ती गावातली असेल तर खाडीत पाणमांजरं कुठे येतात तेही कळतं.