पोटॅशियमचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन: अकरावीच्या अणुरचनेत नेमकं अडतं कुठे

दहावीपर्यंतचा अणू सोपा असतो. मधोमध केंद्रक, भोवती वर्तुळं आणि तोंडपाठ २, ८, ८. अकरावी सायन्सला हाच धडा पुन्हा समोर येतो तेव्हा त्यात एस, पी, डी, एफ ही उपकवचं (कवचांचे पोटभाग), चार क्वांटम अंक आणि भरण्याचा एक तिरपागडा क्रम येऊन बसलेला असतो. बहुतेक जण जुन्या चित्रावरच हे सगळं डकवतात आणि संरूपणं, म्हणजे कुठे किती इलेक्ट्रॉन याच्या मांडण्या, पाठ करत सुटतात. गाठ आयनांशी, म्हणजे प्रभारित अणूंशी, पडली की ते पाठांतर कोसळतं.

आपलं कुठे अडलंय हे तपासायला एकच प्रश्न पुरे. पोटॅशियमचा अणुअंक १९. कवचाची कमाल क्षमता म्हणजे कवच क्रमांकाच्या वर्गाची दुप्पट, म्हणजे तिसऱ्या कवचाला २ × ९ = १८. मग पोटॅशियमचं संरूपण २, ८, ९ असं का नाही? २, ८, ८, १ का? ‘अष्टक पूर्ण झालं म्हणून’ असं उत्तर मनात आलं असेल तर थोडं पुढे बघा. दोन घरं पलीकडे स्कँडियम आहे, अणुअंक २१, आणि त्याचं संरूपण २, ८, ९, २. तिथे तेच तिसरं कवच नववा इलेक्ट्रॉन बिनतक्रार घेतं. अष्टकाने तेव्हा का नाही अडवलं? याचं उत्तर स्वतःच्या शब्दांत देता आलं की धडा निम्मा झाला समजा. तिथवर पोचायला आधी थोडी मोजदाद.

तीन आकडे वेगळे ठेवा

अणुअंक म्हणजे प्रोटॉनांची संख्या. मूलद्रव्य कोणतं हे फक्त हाच आकडा ठरवतो. १९१३ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ मोझलीने मूलद्रव्यांच्या क्ष-किरणांवरून हे दाखवलं, आणि त्याने एक जुना घोळही मिटला: अरगॉनचं अणुवस्तुमान ३९.९५, पोटॅशियमचं ३९.१०. वस्तुमानाने रांग लावली तर पोटॅशियम आधी येऊन निष्क्रिय वायूंच्या घरात बसलं असतं. अणुअंकाने लावली की अरगॉन १८, पोटॅशियम १९, आणि दोघं आपापल्या जागी.

अणुवस्तुमानांक म्हणजे प्रोटॉन अधिक न्यूट्रॉन. हा कायम पूर्णांक असतो. आवर्तसारणीत छापलेलं अणुवस्तुमान ही वेगळी गोष्ट आहे, ती समस्थानिकांची (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या न्यूट्रॉनसंख्येच्या अणूंची) सरासरी असते. क्लोरीनला सारणीत ३५.४५ दिसतं आणि दरवर्षी कुणीतरी ३५.५ मधून १७ वजा करून साडेअठरा न्यूट्रॉन लिहून मोकळं होतं. निसर्गात क्लोरीन-३५ सुमारे ७६% आणि क्लोरीन-३७ सुमारे २४% आहे. पहिल्यात १८ न्यूट्रॉन, दुसऱ्यात २०. अर्धा न्यूट्रॉन कुठेच नाही.

तिसरा आकडा प्रभार. इलेक्ट्रॉनांची संख्या = अणुअंक − प्रभार, आणि प्रभार चिन्हासकट ठेवायचा. ॲल्युमिनियमचा ३+ आयन: १३ − ३ = १०. सल्फाइड, म्हणजे गंधकाचा २− आयन: १६ − (−२) = १८. ‘अधिक’ दिसलं की इलेक्ट्रॉन मिळवायचे, ही चूक भल्याभल्यांकडून घाईत होते. अधिक चिन्ह इलेक्ट्रॉन गेल्याचं असतं. आयन बनताना प्रोटॉन आणि न्यूट्रॉन जागचे हलत नाहीत. लोह-५६ चा ३+ आयन लिहायचा तर २६ प्रोटॉन, ३० न्यूट्रॉन, २३ इलेक्ट्रॉन. वस्तुमानात जाणवण्याजोगा फरक पडत नाही, कारण प्रोटॉन इलेक्ट्रॉनपेक्षा १८३६ पट जड.

आकारमानाचाही अंदाज हवा. अणू साधारण १०⁻¹⁰ मीटर, केंद्रक १०⁻¹⁵ मीटरच्या आसपास. केंद्रक दोन मिलिमीटरच्या मोहरीएवढं धरलं तर अणूचा व्यास दोनशे मीटरच्या घरात जातो. पुस्तकातल्या आकृतीत केंद्रक लाडवाएवढं असतं. ते छापायची सोय म्हणून.

बोहरचं चित्र कितपत खरं

रदरफोर्डने १९११ मध्ये केंद्रक मांडलं, पण भोवती फिरणारा प्रभारित इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावत क्षणार्धात केंद्रकात कोसळायला हवा, ही अडचण उरली. १९१३ मध्ये बोहरने म्हटलं, इलेक्ट्रॉनला ठरावीक ऊर्जापातळ्याच मिळतात, मधलं काही नाही. हायड्रोजनसाठी −१३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टला पातळीच्या क्रमांकाच्या वर्गाने भागायचं. दुसरी पातळी −३.४०, तिसरी −१.५१. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर उतरताना १.८९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट बाहेर पडतात.

यावरून तरंगलांबी काढायची तर १२४० ला इलेक्ट्रॉन-व्होल्टमधल्या ऊर्जेने भागा, उत्तर थेट नॅनोमीटरमध्ये येतं. १२४० ÷ १.८९ म्हणजे ६५६, हायड्रोजनची तांबडी रेषा. परीक्षेत ज्यूलमध्ये गणित मागितलं तरी कच्च्या कामात ही पडताळणी करून घ्या. दहाच्या घातांकातली चूक लगेच पकडली जाते. उत्तर ६.५६ किंवा ६५६०० नॅनोमीटर येत असेल तर कुठेतरी नॅनोचा मीटर करताना घसरलंय.

हे सूत्र एकाच इलेक्ट्रॉनच्या अणू-आयनांना लागू पडतं: हायड्रोजन, हेलियमचा १+, लिथियमचा २+. (आयनांसाठी १३.६ ला अणुअंकाच्या वर्गाने गुणायचं.) हेलियमच्या १+ आयनातला इलेक्ट्रॉन काढायला ५४.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, तंतोतंत सूत्राप्रमाणे. पण साध्या हेलियम अणूतला पहिला इलेक्ट्रॉन २४.६ मध्येच निघतो. दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलायला लागले की बोहरचा हिशेब संपला. पोटॅशियमचं कोडं सुरू होतं ते इथून, कारण तिथे ढकलणारे एकोणीस आहेत.

ऊर्जापातळ्या डोळ्यांनी बघायच्या असतील तर प्रॅक्टिकलमधली ज्योत परीक्षा आहेच. निक्रोम किंवा प्लॅटिनमची तार वॉच ग्लासमधल्या संहत हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये बुडवायची आणि बर्नरच्या निळसर ज्योतीत धरायची. ज्योतीला रंग येईनासा होईपर्यंत हेच पुन्हा पुन्हा. मगच ॲसिडमध्ये कालवलेला क्षार तारेच्या टोकाला घेऊन ज्योतीच्या कडेला धरायचा. ॲसिड हवं, कारण क्लोराइडं सहज वाफाळतात. कॅल्शियमला विटकरी, बेरियमला पोपटी, तांब्याला निळसर हिरवा रंग येतो. घोळ करतं ते सोडियम. तारेला बोट लागलं तरी घामातल्या मिठाने ५८९ नॅनोमीटरचा झगझगीत पिवळा उमटतो आणि त्यात पोटॅशियमचा फिका जांभळा पार बुडून जातो. अशा वेळी कोबाल्टची निळी काच डोळ्यांपुढे धरा. ती पिवळा शोषते आणि जांभळा दिसू लागतो. हा पिवळा म्हणजे सोडियमच्या शेवटच्या इलेक्ट्रॉनचं ३पी वरून ३एस वर (तिसऱ्या कवचाच्या पी उपकवचातून एसमध्ये) उतरणं.

याच पिवळ्याच्या शेजारी, ५८७.६ नॅनोमीटरला, हेलियमची रेषा आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात खगोलशास्त्रज्ञ जान्सेनने गुंटूरहून सूर्याचा वर्णपट तपासला आणि त्याच वर्षी खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने इंग्लंडमधून. त्या पिवळ्या रेषेवरून पुढे हेलियमचं नाव पडलं. कोकणात हा शोध विजयदुर्गच्या किल्ल्यावर लागल्याचं सांगतात. पण लॉकियर विजयदुर्गावर आला तो १८९८ च्या ग्रहणाला.

ऑर्बिटल, आणि कोड्याचं उत्तर

१९२६ मध्ये श्रोडिंजरचं समीकरण आलं आणि कक्षा गेल्या. ऑर्बिटल म्हणजे इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता जिथे जास्त, असा प्रदेश. इलेक्ट्रॉन त्यात गोल गोल फिरतो असं मनात येऊ देऊ नका. कोणत्याही ऑर्बिटलमध्ये जास्तीत जास्त दोन इलेक्ट्रॉन, तेही विरुद्ध स्पिनचे. हा पाउलीचा १९२५ चा नियम. एस उपकवचात एक ऑर्बिटल, पीमध्ये तीन, डीमध्ये पाच, एफमध्ये सात. म्हणून क्षमता २, ६, १०, १४. क्वांटम अंकांची भीती बाळगायचं कारण नाही. मुख्य अंक, म्हणजे कवचाचा क्रमांक, एन असेल तर उपकवच सांगणारा अंक एल (एस ०, पी १, डी २, एफ ३) शून्यापासून एन − १ पर्यंत जातो, एवढं ध्यानात ठेवलं तरी १पी, २डी, ३एफ ही उपकवचं अस्तित्वातच नाहीत हे कळतं, आणि बहुपर्यायी प्रश्नांत दोन पर्याय तिथेच बाद होतात.

भरण्याच्या क्रमासाठी एन + एल ची बेरीज करा. कमी बेरीज आधी, बेरीज सारखी असेल तर कमी एन आधी. ४एस ची बेरीज ४ + ० = ४, ३डी ची ३ + २ = ५. म्हणून ४एस आधी. पुढे ३डी, ४पी, ५एस या तिघांची बेरीज पाचच, तेव्हा एनच्या क्रमाने. तिरप्या बाणांची आकृती काढायची तर काढा, पण बाण चुकतात, बेरीज चुकत नाही.

हा झाला नियम. कारण असं: आतल्या अठरा इलेक्ट्रॉनांच्या पडद्यामुळे बाहेरच्याला केंद्रकाची ओढ कमी जाणवते. पण एस ऑर्बिटलमधल्या इलेक्ट्रॉनची थोडी शक्यता थेट केंद्रकाजवळही असते, तो पडदा भेदून आत शिरतो. ३डी ला हे फारसं जमत नाही. त्यामुळे पोटॅशियममध्ये ४एस ची ऊर्जा ३डी पेक्षा कमी पडते आणि एकोणिसावा इलेक्ट्रॉन चौथ्या कवचात जातो. तिसऱ्या कवचात जागा होती, पण ती महाग होती. कॅल्शियमचा विसावाही तिथेच. केंद्रकाचा प्रभार वाढत गेला तशी ३डी ची ऊर्जा झपाट्याने खाली आली आणि स्कँडियमपासून तिसरं कवच पुन्हा भरू लागलं. ते अठरावर पोचतं तांब्यापाशी: २, ८, १८, १.

काढताना क्रम वेगळा

सगळ्यात जास्त मार्क इथे जातात. लोहाचं संरूपण: १एस² २एस² २पी⁶ ३एस² ३पी⁶ ४एस² ३डी⁶. डोक्यावरच्या आकड्यांची बेरीज २६, ती दर वेळी करायचीच. आता आयन. भरताना ४एस आधी आलं, तरी इलेक्ट्रॉन जाताना पहिले ४एस चेच जातात, कारण ३डी भरू लागल्यावर ४एस हे सगळ्यात बाहेरचं आणि सैल धरलेलं कवच असतं. २+ आयनात ३डी⁶ उरतं, ३+ आयनात ३डी⁵. यासाठी एक सवय लावून घ्या: भरून झालं की संरूपण कवचांच्या क्रमाने पुन्हा लिहा, …३डी⁶ ४एस², आणि उजवीकडून खोडा.

या चुकीचा एक छुपा धोका आहे. २+ आयन चुकून ३डी⁴ ४एस² लिहिला, तरी डीच्या पाच चौकटींत (ऑर्बिटलांत) एकेक इलेक्ट्रॉन टाकत गेल्यावर एकटे, म्हणजे जोडी नसलेले, इलेक्ट्रॉन चारच निघतात. बरोबर उत्तरातही (३डी⁶) चारच. उत्तर जुळतं आणि चूक दडून राहते. ३+ ला मात्र चुकीच्या पद्धतीने तीन येतात, खरे पाच. म्हणून स्वतःची पद्धत तपासायची तर ३+ घेऊन तपासा.

तीस अणुअंकापर्यंत अपवाद दोनच: क्रोमियम ३डी⁵ ४एस¹ आणि तांबं ३डी¹⁰ ४एस¹. ‘अर्धं किंवा पूर्ण भरलेलं उपकवच जास्त स्थिर’ हे स्पष्टीकरण उत्तरपत्रिकेत लिहा, मार्क मिळतात. पण त्याला सार्वत्रिक कायदा समजू नका. क्रोमियमच्याच गटातलं टंगस्टन ५डी⁴ ६एस² असं बसतं.

सरावासाठी वहीचं पान आडवं धरून पाच रकाने पाडा: मूलद्रव्य, अणुअंक, इलेक्ट्रॉन, संरूपण, एकटे इलेक्ट्रॉन. हायड्रोजन ते झिंक तीस ओळी हाताने लिहा, मग खाली आयन. मँगनीजचा २+ म्हणजे ३डी⁵, तांब्याचा १+ म्हणजे ३डी¹⁰, तांब्याचा २+ म्हणजे ३डी⁹, झिंकचा २+ म्हणजे ३डी¹⁰. शेवटचे दोन प्रयोगशाळेत शेजारी ठेवून पाहा: मोरचूद (कॉपर सल्फेट) निळा, झिंक सल्फेट पांढरं. डी पूर्ण भरलेलं असलं की आतल्या आत उडी मारायला जागा नाही, म्हणून झिंकला रंग नाही. मात्र डी अपुरं म्हणजे रंग हमखास, असं उलटं अनुमान काढू नका. मोरचूद परीक्षानळीत तापवला की पाणी उडून तो पांढरा पडतो, आणि तेव्हाही त्यातलं तांबं ३डी⁹ च असतं. भोवतालचे पाण्याचे रेणू गेल्याने डी पातळ्यांमधलं अंतर बदलतं. ते गणित बारावीत, संयुगांच्या धड्यात येतं.