कृत्रिम रंग आणि आरोग्य : या चुका टाळा

अंगावर पुरळ उठले की दोष आधी साबणाला दिला जातो, मग घामाला, मग खाण्याला. कपड्याच्या रंगाकडे लक्ष जाते ते सर्वांत शेवटी. त्याला कारणही आहे. रंगाची ॲलर्जी असलेल्या व्यक्तीच्या त्वचेवर खाज आणि लाली बहुधा एक ते तीन दिवसांनी उमटते आणि तोवर तो कपडा धुवायला गेलेला असतो. त्यामुळे आज काय घातले एवढेच आठवून उपयोग नाही. मागच्या तीन-चार दिवसांचा हिशेब मांडावा लागतो.

पुरळ कुठे उठले आहे, हे न पाहणे ही दुसरी चूक. काख आरशात नीट पाहावी. कपड्याच्या रंगामुळे त्रास होत असेल, तर काखेचा खोलगट मध्यभाग बहुधा कोरा राहतो आणि कापड जिथे घासते ती कडेची त्वचा लाल होते. डिओडरंटचा त्रास असेल तर नेमका मध्यभागच लाल होतो. मान, कंबर आणि मांड्यांची आतली बाजू याही घर्षणाच्या व घामाच्या जागा. हे चट्टे गजकर्ण समजून स्टेरॉइड मिसळलेले मलम परस्पर लावले, तर खाज तात्पुरती थांबते, पण मूळ कारण अंगावरच राहते. आणि ते खरोखरच गजकर्ण असेल, तर उलट पसरते.

‘रंग जात नाही, म्हणजे कपडा सुरक्षित’ हा समज तर हमखास फसवतो. पॉलिएस्टर आणि नायलॉनसाठी वापरले जाणारे डिस्पर्स रंग पाण्यात जेमतेम विरघळतात, त्यामुळे बादलीतले पाणी स्वच्छच दिसते. परंतु धाग्याशी त्यांचे रासायनिक बंध नसल्याने घाम, त्वचेवरचे तेल आणि घर्षण यांमुळे ते त्वचेवर उतरू शकतात. डिस्पर्स ब्लू १०६ आणि १२४ हे या बाबतीत विशेष कुप्रसिद्ध आहेत. नवा कपडा धुऊन घालावाच, कारण वरचा सुटा रंग निघून जातो. मात्र ॲलर्जी एकदा जडली की धुण्यावर विसंबू नये. अशा वेळी फिक्या रंगाचे, सैल, सुती कपडे वापरावेत आणि त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट (संशयित पदार्थ त्वचेवर चिकटवून प्रतिक्रिया पाहण्याची चाचणी) करून घ्यावी.

केसांच्या रंगाबाबत ‘इतकी वर्षे लावतो, काही झाले नाही’ हा युक्तिवाद टिकत नाही, कारण ॲलर्जी वारंवारच्या संपर्कातून पुढे कधीही तयार होऊ शकते. गडद रंगांतील पॅराफिनिलिनडायअमाइन, म्हणजे पीपीडी, हा त्यातला मुख्य दोषी. तात्पुरत्या टॅटूच्या ‘काळ्या मेंदी’तही तो मिसळलेला आढळतो. एकदा जडलेली ही ॲलर्जी सहसा जन्मभर राहते. घरी चाचणी करताना अर्ध्या तासात निकाल ठरवणे चुकीचे आहे. पाकिटावरील सूचनेप्रमाणे चाचणी करून किमान ४८ तास वाट पाहावी. डोळ्यांभोवती सूज आली किंवा श्वास घेताना त्रास झाला, तर मात्र थेट रुग्णालय गाठावे.

कर्करोगाबाबत दोन टोकांच्या चुका होतात : रंगीत कपडा दिसला की घाबरणे, किंवा रंगकामातला धोका हसण्यावारी नेणे. फ्रँकफर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी १८९५ साली फुक्सिन रंगाच्या कारखान्यातील कामगारांमध्ये मूत्राशयाचा कर्करोग नोंदवला. अझो या कृत्रिम रंगांच्या गटातील काही रंग शरीरात किंवा जिवाणूंमुळे तुटून बेन्झिडीनसारखी अमाइन्स नावाची कर्करोगकारक रसायने तयार होतात. म्हणूनच युरोपीय संघाने त्वचेशी संपर्क येणाऱ्या कापडात अशा अमाइन्ससाठी किलोमागे ३० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. केस रंगवणाऱ्या ग्राहकाबाबत आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पुरावा अपुरा मानला आहे, तर केशकर्तनकारांचे काम ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात ठेवले आहे. खरा भार पडतो तो रोज रंग हाताळणाऱ्यांवर.

रंगकामाच्या ठिकाणी रंगाची पूड उघडी ओतणे, तोंडाला नुसता रुमाल बांधणे आणि रंगलेल्या हातांनी जेवणे या नेहमीच्या चुका. पण मला सर्वांत घातक वाटते ती हाताचे डाग ब्लीचने किंवा थिनरने घासून काढण्याची सवय, कारण त्याने त्वचेचे संरक्षक आवरण फाटते आणि रंग आत शिरायला वाट मिळते. मूत्राशयाचा हा कर्करोग काम सोडल्यानंतर दशकांनीही उद्भवू शकतो. लघवीतून रक्त गेले आणि ते दुखले नाही, एकदाच दिसून थांबले, तरी तपासणी करून घ्यावी आणि डॉक्टरांना आपण कोणे एके काळी रंगाच्या कामात होतो हे आवर्जून सांगावे.